आई, ते घड्याळ ड्रॉवरमधून काढ

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

मी आणून दिलेलं स्मार्ट घड्याळ आई का घालत नाही, हे फोनवर बोलायला घेतलं की आई "तू जेवलीस का" म्हणून विषय बदलते, म्हणून लिहिते आहे. बाबा, तिला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

आई, दुसऱ्या केमोनंतरची ती रात्र माझ्या डोक्यातून जात नाही. दहावा दिवस होता. अंगात कणकण आली, तू पॅरासिटामॉलची गोळी घेतलीस आणि बाबांची झोप मोडायला नको म्हणून कुशीवर वळून पडून राहिलीस. सकाळी ताप १०१. दवाखान्यात नेलं तर पांढऱ्या पेशी इतक्या उतरलेल्या, की चार दिवस ॲडमिट राहावं लागलं. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत या पेशी सगळ्यात कमी असतात. एरवी अंग जे जंतू सहज परतवतं, तेच तेव्हा जिवावर बेततात. त्या दिवसांत थर्मामीटरने १००.४ दाखवलं की रात्रीचे दोन वाजलेले असोत, दवाखाना गाठायचा. गोळी आधी घेतली की ताप दबतो, आणि आपण निश्चिंत झोपतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आधीचे दोन-तीन दिवस कशा होत्या?" तू म्हणालीस, "बरी होती." "दिवसातून किती वेळ पडून असता?" "नाही जी, घरची कामं सुरूच असतात." मी तुझ्या शेजारी उभी होते. बाबा जमिनीकडे बघत होते.

आई, तो प्रश्न ख्यालीखुशालीचा नव्हता. डॉक्टर पेशंटची अवस्था ० ते ५ अशा आकड्यांत मोजतात, त्याला ईकॉग म्हणतात. ० म्हणजे पूर्वीसारखं सगळं जमतं. २ म्हणजे स्वतःचं आवरता येतं, कामं होत नाहीत, पण जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ माणूस उठून-फिरून असतं. ३ म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ पलंगावर नाहीतर खुर्चीत. पुढचा डोस पूर्ण द्यायचा, कमी करायचा की थांबायचं, हे ठरवताना हा आकडाही बघतात. आणि तो ठरतो दहा मिनिटांत, तू इस्त्रीची साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, दारापासून खुर्चीपर्यंत ताठ चालत गेलीस त्यावरून. त्याआधीची दुपार तू कशी काढलीस, ते तिथे कोणालाच दिसत नाही.

घड्याळ एवढ्यासाठीच आणलं होतं. त्याच्या पोटात हालचाल टिपणारा एक सेन्सर असतो, त्यावरून पावलं मोजली जातात. खालचा हिरवा उजेड कातडीत शिरतो, नाडीच्या प्रत्येक ठोक्याला रक्त कमी-जास्त होतं तसा परत येणारा उजेड बदलतो, त्यावरून ठोके कळतात. फोनही पावलं मोजतो, पण तुझा फोन दिवसभर फ्रिजवर असतो!

बाबा, आता हे तुमच्यासाठी. कोराडीच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये दर तासाला लॉगशीट भरायचात. मी शाळेत असताना तुम्ही सांगितलेलं मला आठवतं: अलार्म वाजेपर्यंत थांबणारा ऑपरेटर कामाचा नाही, बेअरिंगचं तापमान रोज अर्धा अंश चढून राहिलं असेल तर ते कागदावर आधी दिसतं. आईचंही तेच आहे, म्हणून तिच्या आकड्यांची वही ठेवायची. बसलेली असतानाचे ठोके दोन दिवस नेहमीपेक्षा जास्त, पावलं निम्म्यावर, असं दिसलं की तिला विचारायचं, ताप बघायचा आणि दवाखान्यात फोन करायचा.

फक्त १०,००० पावलांचा धोशा तिच्यामागे लावू नका. तो आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलं' होता, तिथून तो जगभर पसरला. आईची तुलना आईशीच करायची, केमोच्या आधीच्या आठवड्यातल्या आईशी. शिवाय हे नागपूर आहे. पारा ४४-४५ वर गेला की धडधाकट माणूसही सकाळी नऊनंतर गोकुळपेठ बाजारात जात नाही. पावलं घटली तर त्या दिवशीचं ऊनही वहीत लिहा.

घड्याळाला काय कळत नाही, तेही सांगते. ते मनगटाच्या कातडीचं तापमान बघतं, आणि कूलरसमोर बसलं की तेही बदलतं. म्हणून ताप थर्मामीटरनेच घ्यायचा, सकाळ-संध्याकाळ आणि कणकण वाटेल तेव्हा. ते लाल सलाईन हृदयाला त्रास देऊ शकतं, त्यासाठी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितलाय. घड्याळात ठोके नीट दिसतात म्हणून तो टाळायचा नाही. आणि तोंड आलं, मळमळतंय, बोटांना मुंग्या येताहेत, हे कुठल्याच यंत्राला कळत नाही. ते तूच सांगायचं, आई.

या सांगण्याचं मोल किती, ते मी वाचलं तेव्हा हातातला मोबाईल बाजूला ठेवून बसून राहिले. न्यूयॉर्कच्या एका कॅन्सर रुग्णालयात शरीरात पसरलेल्या कॅन्सरचे ७६६ पेशंट होते. काहींनी आपला त्रास नियमितपणे कॉम्प्युटरवर नोंदवायचा, जास्त झाला की नर्सला लगेच सूचना जायची. बाकीच्यांचं नेहमीसारखं, भेटीत विचारतील तेवढंच. २०१७ साली निकाल छापून आला: नोंदवणाऱ्या गटातले निम्मे पेशंट ३१.२ महिन्यांहून जास्त जगले, दुसऱ्या गटातले निम्मे २६ महिन्यांहून जास्त. औषध नवीन नव्हतं. त्रास वेळेवर कळवला, एवढाच फरक. तुझा आजार पसरलेला नाही, तरी मला हे तुझ्यासाठीच लिहिलंय असं वाटलं.

तू म्हणालीस, "पोरगी माझ्यावर पहारा ठेवून राहिली." ते मला लागलं, पण त्यात खोटंही काही नाही. म्हणून मी घड्याळाचं सेटिंग बदललं आहे. माझ्या फोनवर फक्त पावलं आणि ठोके येतील, झोपेचं काही येणार नाही. नकोसं झालं तर बाबांना सांगून तेही बंद कर, मी का म्हणून विचारणार नाही. डाव्या बाजूचं ऑपरेशन झालंय, म्हणून उजव्या हातात घाल, बांगड्यांच्या वर, पट्टा कातडीला टेकेल इतकाच, रुतेल असा नको.

गुरुवारी तिसरी केमो. मी बुधवारी सकाळी अजनीला उतरते, घ्यायला येऊ नका, ऑटो करीन. बाबा, तोवर तीन दिवसांची वही भरून ठेवा. गुरुवारी डॉक्टरांनी "कशा आहात" विचारलं की आधी वही पुढे करायची, मग आईने बोलायचं.

तुमची,
ताई