टेकडीवर राजकारण नको म्हणे!

संपादक साहेब, नमस्कार. सकाळी वेताळ टेकडीवर पक्षी बघायला जाणं हा माझा छंद, कॅमेरा वगैरे नाही, जुनी दुर्बीण पुरते. तिथे कोणी महापालिकेच्या प्रस्तावित बालभारती-पौड फाटा रस्त्याचा विषय काढला की काहीजण लगेच म्हणतात, फिरायला आलोय, राजकारण नको. अहो पण रस्ता टेकडीवरूनच काढायचाय ना? महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मग प्रशासक बसले, म्हणजे तेव्हा तक्रार करायला नगरसेवकही नव्हता, मग एप्रिल २०२३ मध्ये लोक मोर्चाने रस्त्यावर उतरले ते काय हौस म्हणून? ज्याच्यासाठी हा रस्ता हवा म्हणतात त्या लॉ कॉलेज रोडच्या ट्रॅफिकला मीही वैतागतो, मान्य, पण मोर ऐकायला पौड फाट्यावर उभा राहू का? (खाली उतरल्यावर मिसळीवर मात्र सगळ्यांचं एकमत असतं, तिखटच हवी.)

— एक टेकडीवाला, कोथरूड, पुणे