घोड्या लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नकोस

कोरेगाव,
रविवार रात्र

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

चिनूने काल पाठवलेला फोटो मी मोठा करून पुन्हा पुन्हा बघितला. आपल्या टाटा 207 टेम्पोच्या खालून तुझे पाय बाहेर, शेजारी दुधाची पिशवी, आणि मागच्या अॅक्सलच्या हाउसिंगखाली नुसता जॅक. घोडी, म्हणजे गाडी टेकवून ठेवायचा लोखंडी स्टँड, कुठेच दिसली नाही. त्यावरून फोनवर माझा आवाज चढला, तू फोन ठेवलास. म्हणून शांतपणे लिहितो.

जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. आतलं सील थकलं की तो हळूहळू बसतो, कधी एकदम बसतो. हातब्रेक ओढला होता म्हणालीस, पण तो मागच्या चाकांना धरतो. मागचीच चाकं हवेत गेली की गाडी पुढच्या चाकांवर मोकळी. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट काढून ठेवलायस, म्हणजे गिअरमध्ये घालूनही उपयोग नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लाव, चासीखाली दोन घोड्या घे, गाडीला हिसका देऊन बघ, मगच खाली जा. विटा तर नकोतच, वजनाखाली वीट कधी फुटेल सांगता येत नाही. दिनूकाकाचं नाव काढायचं नाही असं ठरवून बसलो होतो, पण तुला आठवतंच आहे सगळं.

तुला काम येत नाही असं मी कधी म्हटलं? क्लच प्लेट तू बसवलीस हे इथे पारावर सगळ्यांना सांगून झालंय. हौद्याचा सडका पत्रा कापून नवा जोडलास आणि आतून रेड ऑक्साइड मारलास, ते बघून फार बरं वाटलं. पुष्कळजण नुसती पुट्टी भरून वर रंग मारतात, मग एकदोन पावसाळ्यांत गंज खालून वर येतो.

मला भीती आहे ती तुकड्यातुकड्यात होणाऱ्या कामाची. चिनूला शाळेत सोडून आलीस की थोडा वेळ, मग ऑफिस, संध्याकाळी गिरणीतून दळण, सासूबाईंची औषधं, मध्येच सिलिंडरवाला. कुकरची शिट्टी झाली की पाना तिथेच टाकून तू धावतेस. परत आल्यावर कुठला नट आवळलाय आणि कुठला नुसता हाताने फिरवलाय, हे कुणाच्या लक्षात राहणार? यू-बोल्ट, चाकाचे नट, ब्रेकच्या पाइपचे जोड, पूर्ण आवळून झाला की त्यावर खडूची रेघ मार. रेघ नाही तो नट ढिला समजायचा. आणि ब्रेक तर सवड काढूनच उघड. व्हील सिलिंडर खोललास की त्याच बैठकीत बसव, पाइपात शिरलेली एअर काढ, मगच उठ. फोडून ठेवलेल्या डब्यातलं ब्रेक ऑइल वापरू नकोस. ते हवेतली ओल ओढून घेतं, उतारावर तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पायाखाली मऊ पडतं.

हे लिहिताना खंबाटकीचा घाट डोळ्यांपुढे आला. पुण्याला गुलटेकडीच्या मार्केटला आलं घेऊन जायचो, शाळेला सुट्टी असली की तू केबिनमध्ये. बोगदा ओलांडून उतार लागला की मी गिअर उतरवायचो आणि तू विचारायचीस, आप्पा, ब्रेक का नाही मारत? प्रत्येक आवाजाचं कारण तुला पाहिजे असायचं. पाचवडच्या अलीकडे एकदा खालून टक् टक् यायला लागलं, तर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस गेलाय हे माझ्याआधी तू म्हणालीस. तुझी आई किती हसली होती. तेव्हाच मला कळलं होतं, ही गाडी पुढे कुणाच्या हातात जाणार ते.

बघ, शिकवायला बसलो की माझं थांबत नाही. राग मानू नकोस. पण जॅकचं तेवढं ऐक.

दादासाहेब गाडी भंगारात घाला म्हणतात, ते मनावर घेऊ नकोस. दिल्लीचा डिझेल गाडीला दहा वर्षांचा नियम आपल्याकडे नाही. आपली गाडी 2004ची, त्यामुळे फिटनेस दरवर्षी करावं लागेल, पर्यावरण कर भरावा लागेल, आणि एप्रिल 2019च्या आधीची म्हणून नवी नंबरप्लेटही लागेल. ते कागद मी बघतो, तुझ्या धावपळीत त्याची भर नको. निळा रंग द्यायचं मनात असेल तर मात्र आधी आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. पांढरीच ठेवलीस तर तो एक हेलपाटा वाचेल. तुझी हौस असेल तर निळा दे, मी जाईन आरटीओत.

शनिवारी सकाळच्या एसटीने येतो. स्प्रिंगचे पाटे उतरवणं एकट्या माणसाचं काम नाही, ते माझ्यासाठी ठेव. तोवर बॉनेटखालचं उरक, रेडिएटरचे पाइप, फॅनबेल्ट, वायरिंग. विन्याच्या गॅरेजमधून घोड्या सांगून ठेवल्यात, दोन नाही, चार आणतो. त्या येईपर्यंत गाडीखाली जायचं नाही.

तुझे,
आप्पा