आमरसाच्या दिवसांत

ति. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

आंब्याची पेटी घरात आली की रोज तोच वाद होणार, म्हणून आधीच लिहिते. बाबा, मधुमेह आहे म्हणून आमरस सोडू नका. फक्त तो पोटभर जेवणावर वरून घ्यायचा नाही. रस ताटात आला की ताटातलं दुसरं काहीतरी कमी झालंच पाहिजे.

मध्यम हापूसचा साल-कोय काढून सव्वाशे-दीडशे ग्रॅम गर निघतो, म्हणजे एक वाटी. त्यात फळाचीच साखर साधारण २० ग्रॅम, चार चहाचे चमचे. तेव्हा तुमची अर्धी वाटी, पुऱ्या दोन आणि त्या दिवशी भात नाही. आधी काकडीची कोशिंबीर आणि मटकीची उसळ खा, मग रसाला हात लावा. तंतू आणि प्रथिनं पोटात आधी गेली की साखर सावकाश चढते. रस दुपारीच घ्या, आणि नंतर वामकुक्षीआधी १५ मिनिटं अंगणात फिरा.

‘दुपारी रस आहे’ म्हणून सकाळचा नाश्ता मात्र टाळू नका. गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. गोळीही मनाने वाढवायची नाही.

आई, आंबे तासभर पाण्यात ठेवून रस हातानेच पिळ, चोथा गाळू नकोस. आंबट निघाला तर साखर न घालता एखादा पिकलेला पायरी मिसळ. चिमूटभर सुंठ आणि छोटा चमचा तूप पुरे.

पुरीची कणीक घट्ट हवी, त्यात चमचाभर रवा, आणि २० मिनिटं झाकून ठेव. सैल कणीक तेल पिते. पिठी लावून लाटू नकोस, ती तेलात जळते. पोळपाटाला तेलाचं बोट पुरतं. कणकेचा तुकडा टाकताच वर आला तरच पुरी सोड, आणि एका वेळी एकच. चार एकदम टाकल्या की तेल थंडावतं, पुरी फुगत नाही आणि तेलकट होते. उरलेलं तेल गाळून दोन दिवसांत फोडणीला संपव, त्यात पुन्हा तळण नको.

तुझ्या रक्तदाबाला रसापेक्षा पापड-कुरडई आणि लोणचं जड. पापडात मीठ असतंच, वर पापडखारातही सोडियम. दिवसाचं सगळं मीठ मिळून ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा. म्हणून कुरडई घेतलीस तर लोणचं नको. मला विचारशील तर कुरडईच घे, रसाबरोबर खरी मजा तिचीच.

उरलेला रस मोठ्या पातेल्यात ठेवू नका. अर्ध्या वाटीच्या डब्यांत भरून फ्रीझरला टाका, नाहीतर रात्री फ्रीज उघडून चमच्या-चमच्याने दुसरी वाटी संपते आणि कुणाच्या हिशोबात येत नाही.

बाबा, पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर तपासा. त्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करा. बोटाला आंब्याचा रस लागलेला असला तर यंत्र भलताच मोठा आकडा दाखवतं, आणि नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने तो नीट निघत नाही. आकडा १८०च्या वर गेला तर पुढच्या खेपेला एक पुरी कमी करा. तरीही जास्तच आला तर रस चार चमच्यांवर आणा आणि वही डॉक्टरांना दाखवा. वहीत रस किती, पुऱ्या किती आणि आकडा किती, हे तिन्ही लिहा. रविवारी फोनवर मला वाचून दाखवा.

तुमची,
धाकटी