रिपोर्टमधला एक आकडा

चि. मनालीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर हिमोग्लोबिन ९.४ आल्याचे सांगून तू लगेच "बीट आणि गूळ सुरू केले आहे" म्हणालीस, तेव्हा मला माझेच जुने बोलणे ऐकू आले. बाईचे रक्त थोडे कमीच असायचे, असे आपल्या घरात तीन पिढ्या मानत आल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, म्हणजे ही समजूत आपल्या एकट्याच्या घरातली नव्हे.

बीट खुशाल खा, परंतु त्यात लोह फारसे नसते. डॉक्टरांनी दिलेली गोळी शक्यतो रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर घे आणि चहा व कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास तरी दूर ठेव. शौचाला काळे होते म्हणून तुझ्या वेळी मी गोळ्या बंद केल्या आणि रिकामी पाकिटे दाखवून तुझ्या आजीला फसवले, हे आज कबूल करते. तो रंग अपेक्षितच असतो, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. आकडा बारावर गेला तरी आणखी तीनेक महिने गोळ्या घ्याव्या लागतात, कारण आधी रक्त सुधारते आणि शरीरातला साठा मागाहून भरतो. तो साठा किती आहे हे फेरिटिनच्या तपासणीतून कळते.

त्याबरोबर बी-१२ जीवनसत्त्वसुद्धा तपासून घे. तू शाकाहारी आहेस, त्यात हल्ली दूधही सोडले आहेस, आणि पायाला मुंग्या येतात म्हणालीस. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड (हेही एक ब जीवनसत्त्वच) घेतले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि नसांची हानी मात्र चालूच राहते.

फॉलिक ॲसिडची कथा तर आपल्या मुंबईची आहे. परळच्या हाफकिन संस्थेत काम करणाऱ्या लूसी विल्स यांनी गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायांचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे १९३१ मध्ये दाखवले. त्या अर्कातले द्रव्य फॉलिक ॲसिड होते, हे पुढे उलगडले. तुम्ही दोघे बाळाचा विचार करत असाल तर रोज ४०० मायक्रोग्रॅम आधीपासूनच सुरू करायला हवे, कारण गर्भाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी, गर्भधारणेनंतरच्या पहिल्या २८ दिवसांतच मिटते आणि तोवर अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते.

पाळी आठ दिवस चालते, हे तू मला बोलण्याच्या ओघात सांगितलेस. डॉक्टरांना सांगितलेस का?

तुझी,
आई