कापलेल्या भाताचं नुकसान तुमच्या हिशेबात कधी धरणार? कृषिमंत्र्यांना खुले पत्र

6 नोव्हेंबर 2025

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातली, शास्त्री नदीच्या खोऱ्यात भात करणारी बाई. माझ्या नावावर 22 गुंठे भातजमीन आहे. आपल्याला कामं पुष्कळ असतात, हे मला कळतं. तरी हे पत्र पूर्ण वाचावं, अशी हात जोडून विनंती आहे, कारण अर्ज करून झाले, तालुक्याला दोन खेपा घालून झाल्या, आणि आता सांगण्यासारखं दुसरं ठिकाण उरलेलं नाही.

या वर्षी मोसमी पाऊस देशातून गेला, असं 16 ऑक्टोबरला जाहीर झालं. दिवाळीत आमच्याकडे उन्हाचा चटका होता. भात पिवळं होऊन काही ठिकाणी आडवं पडलं होतं, लोंबी हाताला लागली की दाणे गळत होते. मुंबईहून मुलगा दिवाळीला आला होता, त्याची रजा रविवारपर्यंतच. यजमानांचा गुडघा गेलेला. गडी मिळत नाहीत. मिळाले तर दिवसाला 500 रुपये आणि दोन वेळचं जेवण. म्हणून भाऊबीज झाल्यावर शुक्रवारी आणि शनिवारी, 24 आणि 25 तारखेला, घरच्या माणसांनीच कापणी केली आणि पेंढ्या वाळायला मळ्यात पसरून ठेवल्या. शनिवारी तिन्हीसांजेच्या आत पाऊस आला. तो थांबता थांबेना. सोमवारी सकाळी मी मळ्यात गेले तेव्हा पेंढ्या पाण्यावर तरंगत होत्या. बुधवारी लोंबीतच मोड आले होते, पांढरे, बोटाच्या पेरापेक्षा लहान. मी सासूबाईंच्या हाताखाली चाळीस वर्षं भात केलं आहे. मोड पेरणीला बघायचे असतात, साहेब. कापणीला मोड बघितले की हातापायातलं बळ जातं.

आठवड्याने पाहणीला माणूस आला. बांधावर उभा राहून म्हणाला, "काकी, उभं पीक असतं तर गोष्ट वेगळी. हे कापलेलं आहे, विम्यात बसत नाही." त्याच्यावर माझा राग नाही. त्याला जे सांगितलं आहे ते तो बोलला. ते ज्यांनी सांगितलं त्यांच्याशी मला बोलायचं आहे.

पंतप्रधान पीक विमा योजनेत पूर्वी एक कलम होतं. कापून शेतात वाळत टाकलेल्या पिकाचं कापणीपासून 14 दिवसांच्या आत चक्रीवादळाने किंवा अवकाळी पावसाने नुकसान झालं, तर 72 तासांत कळवायचं आणि भरपाई मागायची. त्या 72 तासांचाही जाच होता. खोऱ्यात मोबाइलला रेंज नाही, फोटो चढवायला डोंगराच्या सड्यावर चढून जावं लागायचं. पण दार उघडं तरी होतं. 2025 च्या खरिपापासून राज्याने ते दारच बंद केलं. एक रुपयाचा विमा गेला, शेतकऱ्याचा दोन टक्के हप्ता परत आला, आणि काढणीनंतरच्या नुकसानीचं कलम गेलं. स्थानिक आपत्तीचंही गेलं. आता भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर. हा प्रयोग कशावर होतो? उभ्या पिकावर. ठरवलेल्या तुकड्यातलं भात कापतात, झोडतात, वजन करतात आणि महसूल मंडळाचं, म्हणजे गावांच्या गटाचं, उत्पन्न काढतात. यंदा माझं भात उभं असेपर्यंत चांगलंच होतं! त्या दिवशी वजन केलं असतं तर आठ क्विंटल सहज भरलं असतं. म्हणजे तुमच्या कागदावर माझं पीक उत्तम आलं, आणि घरात आले तीन क्विंटल, तेही काळपट आणि वास मारणारे.

कोकणातल्या भाताचं नुकसान कधी होतं, हे मंत्रालयात कोणाला माहीत नाही का? उभ्या पिकाला इथला पावसाळा पोसतो. घात होतो तो हस्त, चित्रा आणि स्वाती या तीन नक्षत्रांत, जेव्हा भात आडवं पडलेलं, कापलेलं किंवा खळ्यात असतं. "पडतील स्वाती, पिकतील मोती" असं घाटावर म्हणतात, कारण तिथे रब्बी पेरायची असते, ओल लागते. आमच्याकडे स्वाती पडली की भाताला मोड येतात. एका राज्यात एकच पाऊस एकाला मोती देतो आणि दुसऱ्याचं अन्न कुजवतो, तर नियम दोघांना एक कसा?

आणि हे हवामान खोऱ्यागणिक बदलतं. या दिवसांत सकाळी नदीवर धुकं असतं, दुपारी अंग भाजतं, तीन वाजले की उगवतीला सह्याद्रीच्या कड्यावर काळं भरून येतं आणि चारला गडगडाटासह सर खाली उतरते. माझं माहेर जयगडच्या खाडीकाठी. इथे विजा चमकत असताना वहिनी फोनवर सांगते, "आमच्याकडे लख्ख ऊन आहे गं." समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र झालं की उलट घडतं, आधी किनारा भिजतो, वारा सुटतो, होड्या खाडीत आसऱ्याला येतात आणि मग पाऊस नदीने वर आमच्यापर्यंत चढतो. यंदा ऑक्टोबरच्या सुरुवातीला 'शक्ती' वादळाच्या इशाऱ्याने होड्या बसून राहिल्या आणि महिनाअखेर पुन्हा तेच. शेजारच्या खारवीवाड्यातल्या, म्हणजे मच्छीमारांच्या वस्तीतल्या, बायकांनी वाळत घातलेला जवळा भिजून कुजला, तो त्यांनी टोपल्या भरून खाडीत ओतला. त्यांचा पंचनामा कोण करतं? इशारा मात्र सगळ्या जिल्ह्याला एकच, पिवळा. पाऊस मोजायचं यंत्र मंडळाच्या गावी. 24 तासांत 65 मिलिमीटर भरले तर अतिवृष्टी. आमच्या खोऱ्यात ढग रिकामा झाला आणि यंत्राजवळ भुरभुर पडली, तर आमचा पाऊस पडलाच नाही असं धरायचं?

हे पहिल्यांदा घडलं असतं तर मी लिहिलं नसतं. 2019 च्या ऑक्टोबरअखेर 'क्यार' वादळ आलं तेव्हा असंच भात भिजलं होतं. तेव्हाही एक सरकारी साहेब आले होते, याच बांधावर चहा घेऊन त्यांनी शब्द दिला होता की वाडीला एक वाळवणीची शेड आणि भात सुकवायचं यंत्र येईल. सहा वर्षं झाली. शेड नाही, यंत्र नाही, ताडपत्रीसुद्धा मी माझ्या पैशाने आणली. त्या वर्षी राज्यपालांनी हेक्टरी 8,000 रुपये जाहीर केले होते. आज आपत्तीच्या निकषात जिरायतीला हेक्टरी 8,500 आहेत. सहा वर्षांत 500 रुपये वाढले. गुंठ्याला 86 रुपये पडतात. माझ्या 22 गुंठ्यांना 1,892 रुपये, तेही नुकसान 33 टक्क्यांहून जास्त झाल्याचं तुमच्या माणसाने लिहिलं तर. भाताचा हमीभाव यंदा 2,369 रुपये क्विंटल आहे. माझं गेलेलं पाच क्विंटल धरा, 11,845 रुपये होतात. उरलेलं भात खरेदी केंद्रावर नेता येत नाही, कारण तिथे 17 टक्क्यांपेक्षा जास्त ओल चालत नाही आणि मोडाचा दाणा घेत नाहीत. पेंढा काळा पडला, बुरशी आली. म्हैस त्याला तोंड लावत नाही. तिच्या वर्षभराच्या वैरणीचे पैसे कुठल्या निकषात आहेत?

ऑक्टोबरमध्ये सरकारने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. मराठवाड्यात आणि सीनेच्या काठी माती वाहून गेली, गुरं गेली, त्यांना द्या, अजून द्या. त्यांच्या दुःखाशी मी माझं दुःख तोलत नाही. पण कोकणाचं शेत गुंठ्यांत मोजतात आणि तुमची मदत हेक्टरांत, म्हणून आमचं नुकसान नेहमी किरकोळ दिसतं. सातबारावर सोळा नावं, त्यातली दहा माणसं मुंबईत, दोन वारलेली. सगळ्यांची संमती आणा म्हणतात. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवर पिकाची नोंद, करा म्हणतात, ती शेतात उभं राहून करायची आणि शेतात रेंज नाही. मग एक दिवस माणूस म्हणतो की जाऊ दे, जमीन पडीक राहू दे. आमच्या वाडीत सतरा घरांपैकी सहा घरं आता भात करतात. बाकीच्या मळ्यांत गवत आहे आणि त्या गवतात रानडुकरं राहतात, ती आमच्याकडे चरायला येतात. मुलगा रविवारी रात्री गाडीत बसताना म्हणाला, "आई, पुढच्या वर्षी नको करूस." तो रडवेला झाला होता. त्याला मी काय उत्तर देऊ? तुम्ही आम्हाला शेती सोडा असं कधी म्हणत नाही, पण तुमचे सगळे नियम तेच म्हणतात.

मागणं थोडं आहे. काढणीनंतरच्या 14 दिवसांचं संरक्षण परत आणा, निदान कोकणच्या भातासाठी. खोऱ्याखोऱ्यात पर्जन्यमापक बसवा. वाडीला शेड द्या, जी कबूल केली होती. आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाला पैसे द्या, म्हणजे भिजलं तरी चार दिवस मोड येणार नाहीत अशी हळवी, म्हणजे लवकर पिकणारी, जात ते लवकर आमच्या हातात देतील.

बियाण्यासाठी ठेवायचं भातही याच पावसात गेलं. जूनमध्ये बी विकत आणावं लागेल आणि पेरणी झाली की पुन्हा विम्याचा हप्ता भरायची मुदत येईल. मी तो दर वर्षी भरत आले आहे. कापलेल्या भाताला त्यात जागा आहे की नाही, एवढं पेरणीच्या आत लेखी कळवा.

आपली,
शास्त्री खोऱ्यातील एक भातशेतकरी