‘होईल’ आणि ‘होवो’

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूमध्ये सप्रेम नमस्कार.

रविवारी मी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. बाबा, तुम्हाला वाटलं असेल की मला पटलं. पटलं नव्हतं. पण तुमच्याशी वाद घालायला जीभ रेटेना, आणि आई शेजारीच बसली आहे हे तिच्या खोकल्यावरून कळत होतं. म्हणून आता लिहायला बसले आहे.

तुम्ही म्हणालात, "आईच्या बरं होण्यासाठी मागणं मी आता थांबवलंय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय ना. देवाची इच्छा असेल ते होईल." तुमचा आवाज अगदी शांत होता. तुमच्या या शांत आवाजाची मला लहानपणापासून भीती वाटते. तुम्ही हात टेकलेत की असेच बोलता.

तेव्हापासून तो एकच शब्द डोक्यात घोळतो आहे. होईल.

बाबा, आपण रोज रात्री म्हणतो त्या, येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत हा शब्द नाही. तिथे ‘होवो’ आहे. "जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." फरक म्हटला तर एवढासा. पण ‘होईल’ आपण देवाबद्दल बोलतो, कुठल्या तरी माणसाशी, बहुतेक वेळा विषय संपवायला. ‘होवो’ म्हणायचं तर समोर देव लागतो. त्यात मागणं आहे, ओढ आहे; अजून काही व्हायचं बाकी आहे आणि ते तू कर, असं त्याला सांगणं आहे. तुम्ही आयुष्यभर ‘होवो’ म्हणत आलात. तुमच्या तोंडी ‘होईल’ मी पहिल्यांदाच ऐकलं.

डॉक्टर काय म्हणाले ते मलाही ठाऊक आहे. मेंदूत डोपामाइन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, गोळ्यांनी त्रास आटोक्यात ठेवता येतो, पण पार्किन्सन्स मुळापासून बरा करणारं औषध आज नाही. ते खरंच सांगत होते आणि मायेने सांगत होते. पण त्यांनी आजाराबद्दल सांगितलं. देवाच्या मनात काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आपणही ते त्यांच्या कागदावरून वाचायला जाऊ नये, असं मला फार वाटतं.

हे मी इतकं ठामपणे का म्हणते ते तुम्हाला दोघांनाही माहीत आहे. तरी एकदा लिहिते, कारण आपण त्यावर कधी बोललोच नाही.

सातव्या महिन्यात माझं पोटातलं बाळ गेलं, त्या गोष्टीला आठवडाही झाला नव्हता. भेटायला आलेल्यांपैकी एकीने माझा हात दाबून सांगितलं, "देवाची इच्छा होती गं, स्वीकार कर." तिचं मन वाईट नव्हतं. पण ते वाक्य अंगावर गरम पाणी पडावं तसं पडलं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बाबा, तुम्ही मात्र काहीच बोलला नाहीत. खुर्ची ओढून पलंगाजवळ बसलात. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र तोंड उघडण्याआधी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते ना, तेवढा भाग तुम्ही उचललात. मग संध्याकाळी पवित्र शास्त्र उघडून 88 वं स्तोत्र वाचलंत. बाकीच्या विलापाच्या स्तोत्रांत शेवटी बहुधा कुठेतरी उजेड येतो. त्यात येत नाही, ते अंधारावरच संपतं. मला वाटलं, आता तुम्ही पुढे काही आधाराचं वचन जोडाल. तुम्ही पुस्तक मिटलंत, चष्मा काढून त्याच्यावर ठेवलात आणि तसेच बसून राहिलात. देवासमोर एवढंही म्हणता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी प्रभूच्या प्रार्थनेतली ती ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ची ओळ म्हणत नव्हते. मंडळीत सगळे एका सुरात म्हणत असायचे. "तुझे राज्य येवो" पर्यंत मी बरोबर असे, मग ओठ मिटत, आणि "आमची रोजची भाकर" आलं की पुन्हा सुरू. कुणाच्या लक्षात येत नसेल असं मला वाटायचं. आई, तुझ्या आलं होतं. त्या ओळीला तू न चुकता माझा हात धरायचीस. ओळ संपली की सोडायचीस. एकदाही विचारलं नाहीस. माझ्या वाटची ती ओळ त्या वर्षभर तूच म्हणत होतीस, असं मी आजही मानते.

मी ती पुन्हा कशी म्हणू लागले, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. कुठला चमत्कार झाला नाही. दुःखसप्ताहात, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 26 वा अध्याय वाचत होते. गेथशेमाने, येशूला पकडलं त्या रात्रीची बाग. त्या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. जैतुनाची फळं जिथे चिरडतात ती जागा. येशू तिथे तीनदा प्रार्थना करतो. पहिल्यांदा म्हणतो, शक्य असेल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो. दुसऱ्यांदा शब्द जरा बदलतात: मी प्यायल्याशिवाय हा टळून जाणं शक्य नसेल, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. तिथेच मी थबकले. ही तर सहाव्या अध्यायातली, प्रभूच्या प्रार्थनेतली ओळ! शिष्यांना शिकवलेली. मूळ ग्रीकमध्येही दोन्हीकडे शब्दाला शब्द तेच आहेत, हे मला नंतर कळलं.

म्हणजे मी ज्या ओळीला तोंड मिटून बसले होते, ती कुणी वर सुखात बसून आमच्यासाठी लिहून दिलेली नव्हती. ज्याने ती शिकवली, त्याला स्वतःला ती अंधारात, जमिनीवर पालथं पडून म्हणावी लागली. लूक लिहितो की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. त्या ओळीवर तो घाम आहे. मी ती त्या रात्री एकटीने, मोठ्याने म्हटली. पुढचं काही म्हणता आलं नाही.

पण बाबा, मला तुमच्यासमोर ठेवायची आहे ती गोष्ट यातली दुसरीच आहे. तो ‘होवो’ म्हणाला, पण आधी मागून घेतलं. लपवून ठेवलं नाही, शहाण्यासारखं गिळलं नाही. "हा प्याला माझ्यापासून दूर कर", इतकं उघड. उद्या काय होणार हे त्याला माहीत नव्हतं का? शिष्यांना त्याने आधीच सांगितलं होतं. तरी मागितलं, तेही पुन्हा पुन्हा. इब्री लोकांस पत्रात त्याचा मोठा आक्रोश आणि अश्रू यांचा उल्लेख आहे, आणि तिथेच त्याची प्रार्थना ऐकली गेली असंही म्हटलंय. ऐकली गेली, आणि तरी क्रूस टळला नाही. या वाक्याशी मी अजून झगडते. माझ्या पुरतं मला इतकंच उमगलंय की ऐकणं म्हणजे मागितलेलं हातावर ठेवणं एवढंच नसावं.

प्रेषित पौलाचंही तसंच. शरीरातला काटा निघावा म्हणून त्यानेही तीनदा विनवणी केली. "माझी कृपा तुला पुरे आहे" हे उत्तर त्याला मिळालं ते प्रभूकडून, मागून झाल्यावर. शेजारच्या कुणी त्याला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनीही नव्हतं.

दावीद राजाची गोष्टही मनात येते. त्यातला त्याच्या पापाचा भाग मी आईच्या आजाराजवळ आणत नाही, तसं करणं दुष्टपणाचं होईल. मला फक्त त्याचं जमिनीवर पडून राहणं आठवतं. त्याचं मूल आजारी होतं, आणि नाथानाने ते मरेल असं स्पष्ट सांगितलं होतं. खुद्द संदेष्ट्याचा शब्द. तरी दावीद उपाशी, जमिनीवर, ते मूल सातव्या दिवशी जाईपर्यंत. नंतर सेवकांना म्हणाला, वाटलं, कोण जाणे, परमेश्वर माझ्यावर कृपा करील. आणि मूल गेल्यावर उठला, स्नान केलं, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन दंडवत घातलं, मग जेवला. आजारी हिज्कीया राजालाही यशया संदेष्ट्याने तेच सांगितलं होतं: तू वाचणार नाहीस. त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि रडून प्रार्थना केली. यशया मधल्या चौकाच्या बाहेरही पडला नव्हता तोच निरोप बदलला, 15 वर्षं वाढवून मिळाली. एकाला मिळालं, एकाला नाही. पण दोघांनीही संदेष्ट्याचा शब्द ऐकून तोंड बंद केलं नाही. आणि आपण डॉक्टरांच्या शब्दावर करतो आहोत.

आणखी एक, मग थांबते. प्रभूच्या प्रार्थनेत ‘होवो’ शेवटी येत नाही. त्यानंतर भाकर आहे, ऋणं सोडणं आहे, मोहापासून आणि वाइटापासून सोडव आहे. सगळं त्याच्या हाती देऊन झाल्यावर पुन्हा हात पसरणं आहे, तेही आजच्या भाकरीसारख्या साध्या गोष्टीसाठी. मी कित्येक वर्षं उलटंच समजत होते, की एकदा ‘तुझी इच्छा’ म्हटलं की फाइल बंद.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, बाबा. तुम्ही दमला आहात. दीड वर्ष रात्री तीन-तीनदा उठून आईला कूस बदलायला मदत करणं काय असतं ते मला सुट्टीत आठ दिवस राहून कळलं. त्या दमण्याला तुम्ही शरणागतीचं नाव दिलंत की काय, अशी मला शंका येते. मी चुकत असेन तर मला रागवा. कदाचित तुम्ही खरंच त्या बागेतून पार होऊन पलीकडे पोचला असाल आणि मी अजून फाटकाशीच उभी असेन. पण आई म्हणाली की सकाळचं फिरणं बंद झालंय, भिंतीला धरून करायचे व्यायामही. गोळीची वेळ दोनदा चुकली. हे कळल्यावर मात्र मला राहवलं नाही. ‘होईल’ असंच करतं, बाबा. आधी मागणं थांबवतं, मग पावलं. त्या गोळ्यांना वेळेचं फार महत्त्व आहे, आणि चालत राहिल्याने आईला खरंच फरक पडतो, हे तुम्हीच मला दाखवलं होतंत.

दमलात तर देवाला तसंच सांगा. दमलोय म्हणा. बरं होण्याचं मागायला आता तोंड उचलत नसेल तर ते मी मागेन. मी सोडलेलं नाही आणि सोडणार नाही. तुम्ही लहान मागा. आईला आज घास नीट गिळता येवो. रात्री सलग चार तास झोप लागो, दोघांनाही. तुमच्या तोंडून तिच्यावर चिडका शब्द न जावो, आणि गेलाच तर ती मनाला लावून न घेवो. पुढच्या महिन्यात मी येते आहे, पंधरा दिवसांची रजा मंजूर झालीय. तोवर सकाळच्या मदतीला कुणी मिळतं का, ते मी इथून पाहते आहे. माणूस सापडला तर नको म्हणू नका. प्रार्थनेचं उत्तर दारात उभं असेल तर त्याला आत घ्या.

आई, आता तुझ्याशी. मागच्या वेळी तू प्रार्थनेला बसलीस तेव्हा मी डोळे मिटले नव्हते. तुझा उजवा हात मांडीवर ठेवलास की थरथरायला लागायचा, अंगठा आणि बोट एकमेकांवर काही चोळत असल्यासारखी. मग तू पान उलटायला हात उचललास आणि तेवढ्यापुरता तो जवळजवळ स्थिर झाला. पान उलटून पुन्हा मांडीवर ठेवलास, पुन्हा सुरू. आजारच तसा आहे हे मला माहीत आहे. हात स्वस्थ असताना कंप जास्त, काही करायला घेतलं की कमी. तरी मी ते बघत राहिले. ज्या हाताने माझ्या वाटची ओळ वर्षभर धरून ठेवली, तोच हा हात.

बाबा, एक विनंती. रात्री ती ओळ आली की तुम्ही तो हात धरा. तिने माझा धरला होता तसा, फक्त तेवढ्या ओळीपुरता. आणि ‘होवो’ म्हणा. तुमच्याने म्हणवलं नाही तर आई म्हणेल. दोघांनाही नाही जमलं, तर नऊ वाजता इथे मी म्हणतेच आहे.

आई, तुझं पत्र मिळालं. अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक बारीक होत गेलंय आणि खाली तू लिहिलं आहेस की आता लिहिणं बंद करते, कुणाला वाचता येत नाही. बंद करू नकोस. मी भिंग घेऊन बसले आणि सगळं वाचलं, तू खोडलेला शब्दसुद्धा.

तुमची,
लाडकी