इच्छापत्र झालं, बाकीचे कागद?

सर्व सभासदांना आठवण : इच्छापत्र मृत्यूनंतरच लागू होतं. आपण बेशुद्ध असताना किंवा समज गेल्यावर बँकेत, दवाखान्यात आपल्या वतीने निर्णय कोण घेणार? त्यासाठी मुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार) आणि लिव्हिंग विल (कोणते उपचार हवे-नकोत हे आधीच लिहून ठेवणं) वेगळं करावं लागतं, तेही शुद्धीत असतानाच. मुखत्यारपत्राची भाषा वकिलाकडून तपासून घ्याच. अनेक देशांत साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी, निकामी होतं. इच्छापत्रावर साक्षीदार म्हणून लाभार्थ्याची सही नको. विम्यावरचं नॉमिनेशनही एकदा पाहा, तिथे लग्नाआधी दिलेलं वारसाचं नाव अनेकदा तसंच राहिलेलं असतं! इच्छापत्राची मूळ प्रत फक्त स्वतःच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायचा कागद लॉकरातच अडकतो.